निष्कर्ष नसलेल्या एकसष्ट हरकती

सावरटोल्याहून एकसष्ट हरकती आल्या होत्या. अठ्ठेचाळीस हाताने लिहिलेल्या, तेरा मोबाईलवर बोलून छापून घेतलेल्या. एकूण वाक्ये एक हजार एकशे चार. त्यांत ‘मग’ तीनशे एकोणतीस वेळा, ‘पण’ दोनशे सहा वेळा, ‘कारण’ नऊ वेळा. ‘म्हणून’ चार वेळा, आणि त्यांतले तीन ‘दसरू म्हणून माझा भाऊ’ अशा प्रकारचे. ‘पाहिजे’ एकदाही नाही. ‘नये’ एकदाही नाही. सर्वांत जास्त गुण एकोणीस, सर्वांत कमी सहा, सरासरी बारा पूर्णांक चार. तोंडी सुनावणी मिळायला किमान पंचेचाळीस लागतात.

आकडे मी दोनदा तपासले. ते माझे कामच होते. जिल्ह्याच्या जाहीर सुनावणी कक्षात मी अकरा महिन्यांच्या करारावर तांत्रिक सहायक होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यानंतरची ही माझी पहिली नोकरी.

त्याच प्रकरणात कंपनीचे निवेदन एकच होते. चव्वेचाळीस वाक्ये. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ आणि ‘परिणामी’ मिळून सतरा. ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या सहा जोड्या. गुण एक्क्याण्णव.

प्रकरण साधे होते. सावरटोल्याचा जुना मालगुजारी तलाव चौऱ्याऐंशी हेक्टरांचा. त्यावर तरंगती सौर पॅनेले टाकून एकोणसाठ हेक्टर पाणी झाकायचे, अशी योजना. तलावात मासेमारीचा हक्क गावातल्या ढिवरांच्या सहकारी संस्थेचा. एकही हरकत पंचेचाळीसपर्यंत पोचली नाही, तर सगळ्यांपुढे ‘नोंद घेतली’ असा शिक्का बसणार आणि योजना आहे तशी मंजूर होणार. दुरुस्त हरकत दाखल करायला प्रत्येकाला एकच संधी होती, दहा दिवसांची. नवी हरकतही त्याच मुदतीत घेता येत होती.

सावरटोला हे माझे आजोळ.

*

गुण देणाऱ्या यंत्राचे नाव ‘साधार’. ते कसे चालते हे सांगायला हवे, कारण लोकांना वाटते की ते वाचते. ते वाचत नाही.

साधार मजकुराची वाक्ये सुटी करते आणि प्रत्येक वाक्यावर चिठ्ठी लावते. दावा, आधार, प्रतिवाद किंवा ‘इतर’. दावा ओळखायला ते क्रियापदाचे रूप पाहते: ‘करावे’, ‘करू नये’, ‘केले पाहिजे’. आधार ओळखायला जोडणारे शब्द पाहते: ‘कारण’, ‘यावरून’, ‘म्हणून’. ‘जरी’ आणि ‘तरी’ एकत्र दिसले की समोरच्याची बाजू विचारात घेतली असे समजते आणि जास्तीचे गुण देते. मग वाक्यांचे ठिपके काढून त्यांच्यामध्ये बाण ओढते. आधाराकडून दाव्याकडे जितके बाण, तितका युक्तिवाद मजबूत. एकही दावा नसेल तर बाण कुठेच जात नाहीत. ठिपके नुसते विखुरलेले राहतात.

हे शिकण्यासाठी त्याला चार लाख निबंध दिले होते. सगळे शाळकरी मुलांचे, शिष्यवृत्ती परीक्षेतले, शिक्षकांनी गुण दिलेले. युक्तिवादात्मक निबंध: आधी भूमिका, मग तीन मुद्दे, मग विरोधी मत, त्याचे खंडन आणि शेवटी ठाम निष्कर्ष. ज्या वर्षांचे निबंध घेतले, त्यांत माझे वर्षही होते. मला पन्नासपैकी एकोणपन्नास मिळाले होते. म्हणजे सावरटोल्याला बारा गुण देणारे यंत्र काही अंशी माझ्याकडूनच शिकले होते.

हरकती मी कागदावर वाचल्या. संस्थेचे सचिव पतिराम दिघोरे, म्हणजे माझे मामा, यांची हरकत अशी होती:

‘मी उत्तरेकडच्या उथळ भागात तेवीस साल जाळे लावतो. तिथे देवधानाचे गवत उगवते. पाणी पडले की पंधरा दिवसांत मरळ तिथे पिले घेऊन येते. पिले लाल असतात, गोळा करून फिरतात. मरळ वर येऊन श्वास घेते, पिलेही घेतात. सहा सालांमागे उत्तर बाजू जलकुंभीने पुरी झाकली होती. त्या साली एकही गोळा दिसला नाही. मग बायांनी चार महिने लागून जलकुंभी काढली. पुढच्या साली तीन गोळे दिसले. त्याच्या पुढच्या साली आठ. गेल्या साली मी अकरा पाहिले. नंदरामने आणखी चार पाहिले म्हणे, ते मी पाहिले नाहीत.’

इथे हरकत संपत होती. खाली सही.

मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. पाणी झाकले, मोजले. उघडले, पुन्हा मोजले. हा प्रयोग होता. याहून वाईट मांडणीचे प्रबंध मी विद्यापीठात पाहिले आहेत. स्वतः पाहिलेले अकरा आणि ऐकलेले चार या माणसाने वेगळे ठेवले होते. साधारने ‘म्हणे’ हा शब्द पाहून ऐकीव माहितीचे दोन गुण कापले होते. एकूण गुण अकरा.

कंपनीच्या निवेदनात ‘असे आढळून आले आहे’ हे चौदा वेळा होते. कोणाला आढळले, कधी, कुठे उभे असताना, हे एकदाही नव्हते. तिथे गुण कापले गेले नव्हते.

*

मी एक चाचणी केली. बारा वाक्यांची खोटी हरकत लिहिली. तलावातले मासे उन्हाळ्यात झाडांवर राहतात, त्यामुळे त्यांना पाण्याची गरज नसते. जरी काही जण ते पोहतात असे मानत असले, तरी हे मत टिकत नाही, म्हणून तलाव बुजवला पाहिजे. साधारने त्र्याऐंशी गुण दिले.

तो कागद घेऊन मी चौरागडे सरांकडे गेले. ते कक्षप्रमुख. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, कोणाचे वाईट न चिंतणारे आणि नियमाबाहेर पाऊल न टाकणारे.

त्यांनी पूर्ण वाचला. चष्मा काढला.

“झाडांवर,” ते म्हणाले.

“सर, त्र्याऐंशी आलेत.”

“येणारच. वाक्यरचना चांगली आहे तुझी.”

“पण हे खोटं आहे.”

“खरं-खोटं बघणं हे यंत्राचं काम नाही रुचिका. त्यासाठी सुनावणी असते.”

“आणि सुनावणी मिळायला?”

“गुण लागतात.”

ते हे चेष्टेने म्हणत नव्हते. पूर्वी अशा प्रकरणांत तीन-तीन हजार हरकती यायच्या आणि बाबू लोक वजन करून गठ्ठे बांधायचे, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यापेक्षा यंत्र बरे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

“सावरटोला तुझं आजोळ ना?”

“हो.”

“मग या प्रकरणाचे गुण तू तपासायचे नाहीत. आजपासून दुसरं कोणी तपासेल. पण गावात जाऊन नियम समजावून सांगायला हरकत नाही. जाहीर मार्गदर्शन आपल्या कामात बसतं.” जरा थांबून ते म्हणाले, “लिहून मात्र द्यायचं नाही. एक ओळसुद्धा नाही.”

*

तलावाच्या पाळीवर संस्थेची टिनाची खोली आहे. मी गेले तेव्हा चाळीसेक माणसे जमली होती. पुढे मामा, भिंतीला टेकून कौतिकामामी, दारात उलटा ठेवलेला डोंगा, म्हणजे लहान नाव, आणि त्यावर तिघे जण.

मी फळ्यावर तीन चौकोन काढले. दावा, कारण, निष्कर्ष. अर्धा तास समजावले. सगळ्यांनी शांतपणे ऐकले. मला वाटले, जमले.

“आता मामा, तुमचीच हरकत घेऊ. तुम्ही सगळं नीट लिहिलंय. फक्त शेवटी एक वाक्य टाका. ‘म्हणून तलावाचा उत्तर भाग झाकू नये.’ झालं.”

मामांनी फळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“ते मी कसा लिहू?”

“कसा म्हणजे? पेनानं.”

डोंग्यावरचे हसले. मामा हसले नाहीत.

“माझं पोट त्याच्यावर आहे बाई. मीच सांगू का झाकू नोका म्हनून? कोन आयकन?”

“सगळे तसंच करतात मामा. ज्याचं नुकसान होतं तोच सांगतो.”

“सांगतो ना. काय झालं ते सांगतो. काय करावं ते नाही सांगत.”

मला हे माहीत असायला हवे होते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी या खोलीतल्या सभा पाहिल्या होत्या. कोणाचे जाळे फाडले, कोणी दुसऱ्याच्या जागेत डोंगा घातला. ज्याची तक्रार असे तो उभा राही, काय पाहिले ते दिवस-वेळेसकट सांगे आणि खाली बसे. निवाडा दुसऱ्या घरच्या माणसाने बोलायचा. तक्रार करणाराच निवाडा बोलू लागला, तर त्याची तक्रार तिथेच हलकी व्हायची. ‘ज्याचं जळते त्यानं निवाडा बोलू नाही,’ असे म्हणत. मला ती एक चालरीत वाटे, नमस्कार करण्यासारखी. एकसष्ट माणसे सरकारी कागदावरही ती पाळतील, हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

“ही गावची सभा नाही,” मी म्हणाले. “तिथं तुम्हाला कोणी ओळखत नाही.”

“म्हनूनच तं,” मागून नंदराम म्हणाला. पन्नाशीचा, मामांचा जोडीदार. “वळखीच्या मानसापुढं एकडाव चालन. परक्यापुढं आपनच आपला निवाडा बोलला तं तो म्हनन, हा लबाड आहे.”

“यंत्र लबाड म्हणत नाही. यंत्राला माणूस कळत नाही.”

“मंग त्याच्यापुढं बोलाचं काहून?”

मी मोठ्या आवाजात बोलू लागले, कारण उत्तर नसले की मी तेच करते.

“पहिली गोष्ट, दहा दिवस आहेत. दुसरी गोष्ट, पंचेचाळीस गुण नसतील तर तुमचा एक शब्द कोणी वाचणार नाही. तिसरी गोष्ट, समोरच्या कंपनीनं सतरा वेळा निष्कर्ष काढलाय आणि त्यांना त्याची लाज वाटलेली नाही. त्यामुळे…”

“मोठी हुशार झाली वो,” कौतिकामामी भिंतीपासून न हलता म्हणाली. “भांडतानाबी परिच्छेद पाडते.”

सगळे हसले. मीही हसायला हवे होते.

“तुमच्या या भिडेपायी तलाव जाईल,” मी म्हणाले. “मग बसा पाळीवर, काय काय पाहिलं ते एकमेकांना सांगत.”

मामांनी खडूचा तुकडा उचलला, फळीवर ठेवला.

“जेवून जा,” ते म्हणाले.

*

जेवताना कोणी तलावाचा विषय काढला नाही. मामीने शिंगी माशांचा रस्सा केला होता. मी दोनदा भात घेतला, कारण न घेणे म्हणजे रागावणे ठरले असते आणि मी रागावलेच होते.

हात धुताना मी मामांना विचारले, “मग निवाडा कोणी बोलायचा? नंदरामभाऊ तुमचा बोलतील, तुम्ही त्यांचा बोला. घरं तर वेगळी आहेत.”

“तलाव साऱ्याइचा आहे. सारे एकाच घरचे झाले ना यात.”

“शेजारचं गाव?”

“त्याइले पंपासाठी वीज भेटून रायली. ते काहून बोलतीन?”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मामीनेही पाहिले. दोघे हे आधीच बोलले होते, ते मला तेव्हा कळले.

“तुह्या आईचं लगन होऊन ती वलथऱ्याइच्या घरी गेली,” मामा म्हणाले. “तू दुसऱ्या घरची. तलावात तुहं जाळं नाही, तुहं पोट नाही. तू पाह्यलं, वाचलं, शिकली. तू बोल. तू बोलली तं आमाले चालन.”

“मला लिहिता येत नाही मामा. नियम आहे. मी कक्षात नोकरीला आहे.”

“आमच्या कागदावर नोको लिहू. तुह्या कागदावर लिही.”

“कर्मचाऱ्याला हरकत घेता येत नाही.”

“मंग रायलं,” ते म्हणाले आणि टॉवेल माझ्या हातात दिला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते. मला भांडता आले असते.

*

पुढचे पाच दिवस मी चिडलेली होते. यंत्रावर, कारण ते अकरा गोळे मोजू शकत नव्हते. मामांवर, कारण एक वाक्य लिहायला त्यांना दुसऱ्या घरचा माणूस लागत होता. आणि स्वतःवर, कारण विचार करत गेले तसतशी त्यांची रीत मला शहाणपणाची वाटू लागली. विज्ञानात आम्ही दुसरे काय करतो? ज्याने प्रयोग केला त्याचा निष्कर्ष दुसरी प्रयोगशाळा तपासते. स्वतःचा निष्कर्ष स्वतःच ठासून सांगणाऱ्यावर जास्त संशय घ्यायचा, हे मला विद्यापीठात दोन वर्षे शिकवले होते. शाळेत मात्र त्याच्या उलट वागल्याबद्दल एकोणपन्नास गुण मिळाले होते.

घरी आईला सांगितले. आई भाजी निवडत होती.

“दादा असं म्हणाला?” तिने विचारले.

“हो.”

“तुला नोकरी सोड म्हणाला?”

“तसं नाही म्हणाला. तू बोल, एवढंच म्हणाला.”

“तेच ते.” तिने देठ बाजूला टाकले. “तो कधी पुढचं बोलत नाही. माझ्या लग्नाच्या वेळीही पाहुण्यांना नुसतं म्हणाला, ‘मुलगी दहावी आहे, पोहते चांगली.’ आणि बसला. बाकी सगळं त्यांनाच बोलावं लागलं.”

“मी काय करू?”

“मी सांगणार नाही. मी त्या घरची आहे.”

मी तिच्याकडे पाहिले. ती गंभीर होती. पुढे म्हणाली, “एवढंच सांगते. ही नोकरी लागायच्या आधी तू चौदा महिने घरी होतीस. त्यातले शेवटचे पाच महिने तू दुपारी झोपून राहायचीस. मी पाहिलंय.”

आणि ती उरलेली भाजी निवडू लागली.

*

सातव्या दिवशी मी साधारची नियमपुस्तिका पहिल्यापासून वाचली. एकशे बारा पाने. कलम एकतीसमध्ये होते: हरकतदाराला कक्षात नोंदवलेला कोणताही दस्त आधार म्हणून क्रमांकाने जोडता येईल, जोडलेल्या दस्तातील विधाने मूळ हरकतीच्या दाव्याशी जोडून तपासली जातील. कंपन्यांना आपले निरनिराळे अहवाल एकत्र जोडता यावेत, यासाठी ते केले होते. लोकांच्या हरकती कोणी कोणाला जोडल्याचे एकही उदाहरण नोंदीत नव्हते. कलम चारमध्ये होते: जिल्ह्यातील कोणताही रहिवासी हरकत घेऊ शकतो, कक्षाचे कर्मचारी वगळून.

मी चौरागडे सरांसमोर दोन्ही कलमे उघडून ठेवली. त्यांनी ती वाचली. ती त्यांना पाठ असणार, तरीही वाचली.

“तू चूक करते आहेस,” ते म्हणाले. “करार वाढणार होता तुझा. मी शिफारस लिहिली आहे.”

“सर, यंत्र दुरुस्त करता येईल का? दावा नसला तरी निरीक्षणांना वजन द्यायचं, एवढं.”

“प्रस्ताव पाठव. दीड-दोन वर्षांत उत्तर येईल.”

“दुरुस्तीची मुदत तीन दिवसांनी संपते.”

“माहीत आहे.” त्यांनी पुस्तिका मिटली आणि माझ्याकडे सरकवली. “राजीनामा सकाळी दे. मी अकराच्या आत मंजूर करतो. हरकत बारानंतर दाखल कर. उलट केलंस तर दोन्ही बाद होतील.”

दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

“ते झाडावरचे मासे. त्या कागदाची प्रत ठेवून जा. प्रस्तावाला जोडायला उपयोगी पडेल. मी पाठवतो.”

*

माझी हरकत सात वाक्यांची होती. सोळा वर्षांची असताना लिहायचे तशीच लिहिली. भूमिका, तीन मुद्दे, विरोधी मत, खंडन, निष्कर्ष. शेवटचे वाक्य: ‘म्हणून तलावाचा उत्तरेकडील उथळ भाग झाकू नये, आणि उर्वरित भागातील आच्छादन प्रत्यक्ष मोजणीनंतरच ठरवावे.’ खाली जोडलेले दस्त: एकसष्ट.

साधारने सहा मिनिटे घेतली. ते एका दस्ताला साधारण सहा सेकंद घेते. पडद्यावर आकृती उमटू लागली. आधी माझे सात ठिपके. मग बाजूने एकेक करत हजारभर ठिपके, आणि प्रत्येकातून निघणारा बाण. उत्तर भागातल्या पिलांचे बाण, जलकुंभी काढणाऱ्या बायांचे बाण, कोणत्या साली पाणी किती उतरले त्याचे बाण. सगळे एकाच ठिपक्याकडे जात होते. अठ्ठ्याण्णव गुण. कक्षात त्याआधी कोणाला पंच्याण्णवच्या वर मिळाले नव्हते.

खाली ओळ होती: ‘तोंडी सुनावणी मंजूर. वक्ता: हरकतदार, एक. वेळ: पंधरा मिनिटे.’

मला फक्त एकटीला बोलायला बोलावले होते. ज्यांनी एक हजार एकशे चार वाक्ये लिहिली होती, त्यांना फक्त ऐकायला येता येणार होते.

*

सुनावणी नियोजन भवनात झाली. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांच्या शेजारी दोन सदस्य, समोर कंपनीचा अभियंता आणि त्याचा वकील. मागच्या खुर्च्यांवर सावरटोल्याची बावीस माणसे, इस्त्रीच्या कपड्यांत, हात मांडीवर.

मी माझी सात वाक्ये वाचली. दोन मिनिटे लागली.

“तेरा मिनिटे आहेत अजून,” अध्यक्ष म्हणाल्या.

“माझं म्हणणं संपलं. उरलेला वेळ जोडलेल्या दस्तांचा आहे. ते वाचून दाखवायला मला लिहिणाऱ्यांची मदत लागेल. अक्षर मला नीट लागत नाही.”

वकील उठला. “नियमानुसार वक्ता एकच…”

“वाचणाऱ्याला वक्ता म्हणत नाहीत,” अध्यक्ष म्हणाल्या. “अक्षर खरंच वाईट आहे. मीही पाहिलंय. या.”

मामा पुढे आले. त्यांनी कागद घेतला, पण वाचला नाही. ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि सांगू लागले. उत्तर बाजू, देवधान, लाल पिले. जलकुंभीचे साल. एकही गोळा नाही. मग तीन, मग आठ, मग अकरा. नंदरामने पाहिलेले चार वेगळे. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला.

अध्यक्ष वाट पाहत राहिल्या. “पुढे?”

“झालं.”

“तुमचं म्हणणं काय आहे?”

“म्हननं तिनं सांगतलं. मी पाह्यलं तेवढं सांगतलं.”

आता तरी एक वाक्य बोला, असे मनात म्हणत मी टेबलाची कड धरून उभी होते. अध्यक्षांनी पेन खाली ठेवले आणि अभियंत्याकडे वळल्या.

“उत्तर भागात मासे किती आहेत, हे तुम्ही पाहिलंत?”

“पर्यावरणीय पाहणी झालेली आहे मॅडम. लक्षणीय परिणाम नसल्याचं आढळून आलं आहे.”

“कोणाला?”

अभियंत्याने अहवाल चाळला. “सल्लागार संस्थेला.”

“ती माणसं तलावावर कोणत्या महिन्यात गेली होती?”

पाने उलटली गेली. “जानेवारी.”

“किती दिवस?”

“एक.”

अध्यक्ष मामांकडे वळल्या. “पिलं कोणत्या महिन्यात दिसतात?”

“पानी पडल्यावर. आषाढात.”

“जलकुंभी काढणाऱ्यांपैकी कोणी आलंय?”

मागच्या रांगेतून कौतिकामामीसह नऊ बायका उभ्या राहिल्या. वकील पुन्हा उठला, वेळ संपल्याचे म्हणाला. घड्याळात पंधरा मिनिटे होऊन गेली होती. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि नऊही जणींना नावे विचारली.

आदेश अठरा दिवसांनी आला. तो तीन पानांचा होता. मागणी अर्धीच मान्य झाली होती. तिसऱ्या पानावर तक्ता:

एकूण पाणक्षेत्र: चौऱ्याऐंशी हेक्टर.
प्रस्तावित आच्छादन: एकोणसाठ हेक्टर.
मंजूर आच्छादन: सदतीस हेक्टर.
त्यापैकी उत्तरेकडील उथळ भागात: अकरा हेक्टर.